हरणाची शिकार: पद्धत शिकारी ठरवतो की जमीन?

वारा_पडला (धागाकर्ता)

मागे वन्यप्राण्यांवरच्या एका धाग्यात माझ्या एका वाक्यावरून बराच दंगा झाला. मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो, एवढंच लिहिलं होतं. त्यावर एकांनी विचारलं, "झाडावर दबा धरून बसायचं आणि खालून जाणारं हरीण टिपायचं, यात कसली आलीय शिकार? दम असेल तर पाठलाग करा." तिथे उत्तर दिलं असतं तर अवांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

आधीच सांगतो: भारतात हे बेकायदा आहे आणि ते तसंच राहावं असं माझंही मत आहे. शिकार करावी की नाही यावर इथे ढीगभर धागे पडलेत, ते भांडण तिकडे.

"पाठलाग करा" म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक उघडा माळ असतो. हरीण दिसतंय, माणूस मागे धावतोय. प्रत्यक्षात बैठक (दबा धरून बसणं), हाका (जनावर उठवून हाकलणं) की माग (ठशांमागे जाणं) हे शिकाऱ्याच्या मर्दुमकीवर ठरत नाही. त्या रानात किती लांबचं दिसतं आणि वारा कसा वागतो, यावर ठरतं.

आमच्याच राज्याचं घ्या. हरीण एकाच जातीचं, व्हाइटटेल. बंदुकीचा मुख्य हंगाम सगळीकडे तोच, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस. साडेपाच लाखांच्या आसपास लोक त्यासाठी परवाना काढतात. तरी नैऋत्येचा शिकारी आणि उत्तरेचा शिकारी यांना एकमेकांच्या रानात सोडलं तर दोघंही रिकाम्या हाताने परततील.

नैऋत्येला ड्रिफ्टलेस नावाचा पट्टा आहे. हिमयुगात आजूबाजूचा मुलूख बर्फाच्या रंध्याखालून गेला, हा भाग तेवढा सुटला. त्यामुळे अरुंद डोंगरधारा, त्यांच्यापासून उतरणाऱ्या सोंडा आणि मधे खोल घळी. धारेवर आणि तळात मका नि अल्फाल्फा, मधल्या उतारावर ओकचं रान. मोठा नर इथे बसतो तो सोंडेच्या टोकाशी, उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, वाऱ्याच्या आडोशाला. धारेवरून येणारा वारा त्याला पाठीमागचं सगळं सांगतो. ऊन चढलं की तापलेली हवा उतारावरून वर सरकते, ती घळीतली बातमी आणते. समोरचं तो डोळ्यांनी बघतो. आता नोव्हेंबरच्या कोरड्या पाचोळ्यातून याच्याकडे चालत जाऊन दाखवा.

म्हणून बसायचं. पण कुठेही नाही. दोन घळींची डोकी धारेला जिथे जवळ येतात तिथे खिंड असते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर माजावर येतात (तेव्हा धनुष्याचा हंगाम चालू असतो, बंदुकीचा नंतर). माद्या हुंगत एका घळीतून दुसरीत जाताना ते उगाच चढत नाहीत, खिंडीतूनच जातात. त्या वाटेवर झाडाला पंधरा-वीस फुटांवर मचाण. सकाळी ऊन लागल्यावर हवा वर चढते, तेव्हा जनावराच्या वरच्या अंगाला बसायचं. संध्याकाळी थंड हवा खाली उतरते, तेव्हा खालच्या अंगाला. एकच झाड सकाळी कामाचं आणि संध्याकाळी फुकट, असं नेहमी होतं. बसून राहणं हा यातला सोपा भाग. झाड निवडणं आणि वास न सोडता तिथपर्यंत पोचणं, यात सगळी अक्कल खर्च होते.

राज्याच्या मध्यभागी वाळूची सपाटी, दलदली, क्रॅनबेरीची शेतं. ना धार ना खिंड. बंदुका वाजू लागल्या की हरणं दलदलीतल्या झुडपांत दडून राहतात आणि मचाणावरचा माणूस थंडीने काकडतो. इथे हाका चालतो. काही जण ओळीने झुडपांतून चालतात, बाकीचे पलीकडच्या टोकाला थांबतात. आपल्याकडच्या गोष्टींमधले ढोल-डबे मात्र नाहीत. हरीण भेदरून सुसाट सुटलं तर नेम लागत नाही, माणसाला टाळायला ते सावकाश सरकलं पाहिजे. मुरलेली हरणं दोन हाकेवाल्यांच्या मधून उलटी मागे निसटतात, तेव्हा एखादा शहाणा शिकारी ओळीच्या मागेही ठेवतात. हाकेवाल्यांच्या दिशेला गोळी नाही, हा नियम कुणीही मोडत नाही. कमरेवरचे निम्मे कपडे भडक नारंगी असावे लागतात ते यासाठीच. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही. २०१६ पासून गुलाबीही चालतो, पण आमच्या गावात कुणी घातलेला पाहिला नाही.

आणि उत्तरेला शेक्वामेगन-निकोले राष्ट्रीय वन, पंधरा लाख एकरांच्या घरातलं. शेती नाही, लांडगे आहेत, हरणं विरळ. तिथे एका झाडावर बसाल तर हंगाम संपेल. तिथले जुने लोक ताज्या बर्फावर मोठ्या नराचा माग धरतात आणि दिवसभर त्याच्या मागे चालतात. तर प्रश्नकर्त्या साहेबांना हवा होता तो पाठलाग इथे आहे. फक्त बर्फ पडला पाहिजे.

इतर ठिकाणचे लोक इथे आहेत हे माहीत आहे. तुमच्याकडे कसं चालतं ते लिहा.

---

कोरडा_ओढा

रोचक. एक बाळबोध शंका: पहाटे अंधारात वीस फूट वर चढायचं, तेही जाड कपडे घालून. पडत नाहीत का लोक?

वारा_पडला

पडतात. मचाणावरून पडणं हे इथल्या शिकारीतल्या दुखापतींचं एक मोठं कारण आहे. अंगभर पट्ट्यांचा हार्नेस आणि जमिनीपासून वरपर्यंत बांधलेली सुरक्षादोरी, दोन्ही वापरायची. बंदूक घेऊन चढायचं नाही. ती रिकामी करून दोरीला बांधायची आणि वर बसल्यावर ओढून घ्यायची.

तुळशीवृंदावन

मुक्या जिवाला मारण्याचं इतकं रसभरित वर्णन वाचवलं नाही. पुढे वाचणार नाही.

मेस्कीट (टेक्सास)

@वारा_पडला, आमच्याकडे या म्हणजे तुमची खिंड-बिंड सगळी विसराल :)

टेक्सासची ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी. दक्षिणेकडे काटेरी झुडपांचं रान, मेस्कीट आणि निवडुंग, माणसाच्या डोक्याच्या वर. आत शिरलात तर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि कपड्यांच्या चिंध्या होतात. झाडं बुटकी, मचाण बांधायचं कशावर? मग इथल्या लोकांनी दिसण्याची सोय स्वतः केली. बुलडोझरने झुडपातून सरळ लांब पट्टे काढायचे, त्यांना सेंदेरो म्हणतात. पट्ट्याच्या टोकाला खांबांवर उभी केलेली बंद खोली आणि पुढे वेळेवर मका उधळणारं यंत्र. हरीण पट्टा ओलांडतं तेवढेच काही सेकंद मिळतात. आमच्याकडे जमिनीने पद्धत ठरवली नाही, पद्धतीसाठी जमीनच कापली.

आता मुद्द्याचं. इथल्या हिल कंट्री नावाच्या टेकड्यांच्या भागात चितळं आहेत! आपली, पांढऱ्या ठिपक्यांची. १९३२ मध्ये आणून सोडली. परदेशी प्राणी म्हणून राज्याचा हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, शिकारीचा परवाना असला की झालं.

नागझिरा_रोड

टेक्सासात चितळ! आमच्याकडे चितळ आडवं आलं की जिप्सीतले लोक "वाघ कुठाय?" विचारतात.

आमच्या भागात (भंडारा-गोंदिया) शिकारीच्या जुन्या गोष्टी अजून निघतात. माझे आजोबा लाकूड ठेकेदाराकडे मुनीम होते, त्यांच्याकडून ऐकलेलं थोडं लिहितो. सगळा खेळ पानांचा होता. पावसाळ्यात आणि नंतर दिवाळीपर्यंत रानात काही दिसत नाही, गवतच पुरुषभर. तेव्हा कुणी साहेब आलाच तर हाका. तोही विस्कॉन्सिनसारखा मुक्याने नाही, हलगी, पत्र्याचे डबे, आरोळ्या. दोन्ही बाजूंना झाडांवर माणसं बसवत. जनावर ओळीबाहेर जाऊ लागलं की ती नुसती फांदी खडखडवायची, जनावर आपोआप आत वळे. हाका नेहमी नाल्याच्या अंगाने, कारण जनावर सावलीने आणि उताराने चालतं. उन्हाळ्यात सागाची पानं झडून रान उघडं पडलं आणि बोड्या (छोटी तळी) आटल्या की हाक्याची गरजच नाही. उरलेल्या पाणवठ्यावर मचाण बांधलं की सगळं रान तिथे येतं. म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर, पण आमच्याकडे जमीन तीच राहून ऋतूने पद्धत बदलली.

कायद्याचं थोडं: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला ठरावीक प्राण्यांच्या शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते प्रकरणच काढून टाकलं. आज रानात जे चालतं ते फासे आणि जिवंत विजेच्या तारा. तार डुकरासाठी लावतात, चितळ मरतं, वाघही मरतो. तिला 'शिकारीची पद्धत' म्हणायची माझी तयारी नाही.

तुळशीवृंदावन

वाचणार नव्हते, पण वाचलं. नागझिरा_रोड यांचा शेवटचा परिच्छेद महत्त्वाचा आहे.

पंचगंगा_घाट

उघड्या माळाचं उदाहरण कुणीच दिलं नाही म्हणून. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांच्या काळी आणि पुढेही चित्त्याकडून काळविटांची शिकार होत असे. (काटेकोर बोलायचं तर काळवीट हरीण नव्हे, कुरंग. शिंगं गळत नाहीत. पण चालवून घ्या.) देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. ते सांभाळणारी, शिकवणारी चित्तेवानांची घराणी होती.

माळावर आडोसा नाही, काळविटाची नजर तीक्ष्ण, माणूस पायी दिसला की कळप उधळला. मग बैलगाडी. शेतातून रोज गाड्या जातात, त्यांना कळप सरावलेला. गाडीवर डोळ्यांना पट्टी बांधलेला चित्ता. गाडी सरळ कळपावर न नेता तिरकी, वळसे घेत जवळ न्यायची, पट्टी काढायची आणि सोडायचा. चित्त्याचा दम काहीशे मीटरचा. तेवढ्यात जमलं तर जमलं, नाहीतर तो बसकण मारतो. हीच शिकार घाटाखालच्या रानात करून दाखवा! तिथे चित्ता पहिल्या करवंदीच्या जाळीत अडकेल.

हायलँडी (ॲबरडीन)

उघड्यावरचं आणखी एक. इथे स्कॉटिश हायलँड्समध्ये मैलोन्‌मैल झाड नाही, नुसती हीदरची खुरटी झुडपं, दगड आणि पाणथळ. तांबडी हरणं (रेड डिअर) कळपाने डोंगरावर. दोन मैलांवरून दिसतात, पण तीही दोन मैलांवरून बघतात. म्हणून इथे पद्धत एकच: दुर्बिणीतून शोधायचं, वारा बघायचा आणि मग डोंगराला वळसा घालून शेवटचा टप्पा सरपटत. ओढ्याच्या पात्रातून, पोटावर, थंडगार पाण्यातून. डोंगर ज्या खाजगी इस्टेटीचा, तिचा पगारी स्टॉकर (शिकारीचा वाटाड्या) पुढे आणि त्याच्या टाचांवर नजर ठेवून पाहुणा मागे. बंदूकही बहुतेक वेळा स्टॉकरकडेच, शेवटी हातात देतो. निघण्यापूर्वी पाहुण्याला पत्र्याच्या लक्ष्यावर नेम मारून दाखवावा लागतो. डोंगरात अर्धगोल कोनाड्यासारखी खोरी असतात, त्यांना कॉरी म्हणतात. तिथे वारा गोल फिरतो, आणि दोन तासांचं सरपटणं एका झुळकीने वाया जातं. मारलेलं हरीण खाली आणायला पूर्वी तट्टू असत, काही इस्टेटींवर अजूनही आहेत. बाकी ठिकाणी आठ चाकांची गाडी.

आता गंमत बघा. त्याच डोंगराच्या पायथ्याशी सिटका स्प्रूसची लागवड. दाट, अंधारी, ओळीत. हरीण तेच, पण आत शिरलं की सरपटणं बाद. तिथे लोक रानातल्या मोकळ्या पट्ट्यांवर उंच खुर्ची लावून बसतात, अगदी वारा_पडला यांच्यासारखे.

सातबारा_उतारा

सगळे भूगोलावर बोलताय, मालकीवर कुणी बोलत नाही. मेस्कीटने ९५ टक्के खाजगी असं सहज लिहून टाकलं, खरं उत्तर तिथेच आहे. बंद खोली आणि मका फेकणारं यंत्र माणूस स्वतःच्या जमिनीवरच लावणार ना? हायलँड्सचे डोंगर उघडे आहेत म्हणून सरपटतात, मान्य. पण स्टॉकर, तट्टू, पाहुणा हा थाट इस्टेटीच्या मालकीतून आलाय. अमेरिकेच्या पश्चिमेला सरकारी जमीन अफाट आहे, नेवाडाची ८० टक्के संघराज्याची. तिथे माणूस पाठीवर तंबू टाकून चार दिवस डोंगरात जाऊ शकतो, म्हणून तिथे चालत शोधण्याची पद्धत आहे.

वारा_पडला

@सातबारा_उतारा, मालकीने कोण जाणार हे ठरतं. कसं जाणार हे नाही. हायलँडी यांचंच उदाहरण घ्या: एकच इस्टेट, एकच मालक. झाडं लावली तिथे बैठक, नाही लावली तिथे सरपटणं.

पश्चिमेचंही तसंच. म्यूल डिअर जातीच्या हरणाचा मुलूख उघडा, सेजची झुडपं आणि खडकाळ उतार. एका टेकाडावर तिकाटण्यावर दुर्बीण लावायची आणि समोरचा अख्खा डोंगर तासन्‌तास तुकड्या-तुकड्याने बघायचा. ॲरिझोनात कूझ जातीचं छोटं व्हाइटटेल आहे, त्याच्यासाठी लोक १५ पटीची दुर्बीण वापरतात. हीच सरकारी जमीन ओरेगनच्या पावसाळी किनाऱ्यावर आहे, तिथे दुर्बीण कुणी उघडतही नाही. ब्लॅकटेल हरीण समोरच्या फर्नमध्ये उभं असलं तरी दिसत नाही. पाऊस पडून पाचोळा भिजला की एक पाऊल टाकायचं आणि थांबून बघायचं, असं दिवसभर.

पीडमाँट (व्हर्जिनिया)

सातबारा यांच्या बाजूने एक मत. आमच्या राज्यात ब्लू रिज डोंगररांगेच्या पूर्वेला बऱ्याच भागात कुत्र्यांनी हरणं उठवून शिकार करायला परवानगी आहे, पश्चिमेला नाही. पूर्वेला सपाटी, दलदल, पाइनची दाट लागवड. माणूस आत जाऊ शकत नाही, कुत्रे जातात, शिकारी रस्त्यांच्या कडेला आणि मोकळ्या जागी उभे. इथपर्यंत जमिनीचं. पण पूर्वी मोठमोठे सलग तुकडे होते, आता घरांचे प्लॉट पडलेत. कुत्र्याला सातबारा वाचता येत नाही! दरवर्षी शेजाऱ्यांच्या तक्रारी, विधिमंडळात वाद. जमिनीचा चेहरा तोच आहे, तुकडे बारीक झाले म्हणून पद्धत अडचणीत आली. तेव्हा मालकीने 'कसं' हेही ठरतं.

सातबारा_उतारा

+१. धन्यवाद, माझं काम केलंत.

मक्याचं_कणीस (आयोवा)

आमच्याकडे तर सपाटीने हत्यार बदललं. मक्याची सपाट शेतं, मधे मधे घरं. रायफलची चुकलेली गोळी अडवायला मागे टेकाडच नाही, ती मैलभर पुढे जाते. म्हणून आयोवा, इलिनॉय, ओहायो वगैरे राज्यांत वर्षानुवर्षं हरणाला छऱ्याच्या बंदुकीतून एकच जाड गोळी, स्लग. आता सरळ नळीच्या काडतुसांच्या कमी पल्ल्याच्या रायफलींना हळूहळू परवानगी मिळतेय. पल्ला शंभर-दीडशे यार्डांचा असला की जवळ जावंच लागतं, आणि मग बैठक नाहीतर हाका. हा कायदा आहे, पण सपाटीतून आलेला. दोन्ही पार्ट्यांनी वाटून घ्या.

डांडेनाँग (मेलबर्न)

उशिरा आलो. चितळावर एवढा आनंद, तर ऐका: इथे व्हिक्टोरियाच्या डोंगरांत सांबरं आहेत. १८६० च्या दशकात आणून सोडली, आता राज्याचा पूर्वेकडचा डोंगराळ भाग त्यांचाच. खोल घळी, निलगिरीचं रान, तळाला ब्लॅकबेरीच्या जाळ्या. सांबर आपल्याकडे होतं तसंच, एकटं, सावध, संध्याकाळी निघणारं. चाहूल लागली की खुराने जमीन आपटतं आणि असा भोंगा वाजवतं की घळीतली सगळी जनावरं जागी होतात.

पायी शोधणारे लोक सोंडांवरून चालत समोरचा उतार बघतात. हिवाळ्यात सकाळी उत्तरेकडचे उतार बघायचे, कारण इथे सूर्य उत्तरेकडून असतो आणि सांबर उन्हाला बसतं. भारतातून आलेल्या माणसाची दिशा पहिल्यांदा हमखास उलटी होते. सांबराला पायी शोधायला हंगामाची अट नाही.

दुसरी पद्धत कुत्र्यांची, १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर. बीगल, हॅरियर, ब्लडहाउंड, वासावर चालणारे. त्यांना घळीत सोडतात आणि शिकारी सोंडांवर, ओढ्यांच्या उतारांवर वायरलेस घेऊन थांबतात. सांबर खूप पळून दमलं की ओढ्याच्या डोहात उतरून कुत्र्यांना सामोरं उभं राहतं. @नागझिरा_रोड, तुमच्याकडे रानकुत्र्यांपुढे सांबर असंच पाण्यात उतरतं ना?

नागझिरा_रोड

हो, तलावात उतरलेलं सांबर आणि काठावर बसलेले रानकुत्रे, हे नागझिऱ्यात बघितलेले लोक आहेत. एवढ्या पिढ्या परदेशात काढूनही सवय गेली नाही म्हणायची.

कोरडा_ओढा

एक शंका सगळ्यांनाच. उष्णता दाखवणारे कॅमेरे आलेत, ड्रोन आलेत. दाट रानातलं हरीणही दिसतं. मग 'किती लांबचं दिसतं' हा पहिला मुद्दा संपलाच की.

हायलँडी

अंशतः हो. इथे २०२३ मध्ये नरांचा बंद हंगाम उठवला (माद्यांचा खुला हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, तो तसाच आहे) आणि रात्रीच्या खास दुर्बिणींनाही परवानगी दिली. रात्रीच्या शिकारीला वेगळी मंजुरी लागते ती लागतेच. हरणं फार झालीत, नवी झाडं जगू देत नाहीत, म्हणून हे. लागवडीच्या रानात काम करणारे व्यावसायिक आता थर्मलशिवाय बाहेर पडत नाहीत. जुने स्टॉकर नाकं मुरडतात.

वारा_पडला

आमच्याकडे ड्रोनने हरीण शोधून मारायला बंदी आहे, अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तसंच. आणि कॅमेऱ्याने हरीण तुम्हाला दिसेल, पण तुमचा वास त्याला जायचा थांबत नाही. वारा आणि पाचोळा आहेत तिथेच आहेत.

दम_असेल_तर

तो प्रश्न विचारणारा मीच. सगळं वाचलं. बर्फातला माग, हायलँड्सचं सरपटणं, ड्रिफ्टलेसचं मचाणसुद्धा मान्य. टेक्सासच्या खोलीत बसून मका टाकणं मात्र अजिबात मान्य नाही. ते रेशन दुकानाबाहेर बंदूक घेऊन बसणं झालं.

मेस्कीट

हाहा, घ्या लिहून. पण एक सांगू? तुमचं चितळ त्या यंत्राला फारशी भीक घालत नाही. व्हाइटटेल मक्याला येतं. चितळ मुळात गवत चरणारं, कळपाने फिरणारं, आज या कुरणात तर उद्या तिसऱ्याच, आणि कळपात डोळेच डोळे. यंत्रासमोर बसलेल्याला ते आठवडाभर दिसत नाही. हिल कंट्रीत जुलै-ऑगस्टच्या उन्हात, पाऊस दडी मारून ओढे आटले की मी सरळ शिल्लक पाण्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला बसतो. नागझिरा_रोड यांच्या आजोबांना दाखवलं असतं तर म्हणाले असते, यात नवीन काय?